मोझार्ट कुठे वाजतो

एका तुरुंगाचं अंगण. कैदी रांगेनं येतात, प्रत्येकाच्या हातात आपापल्या कोठडीतली मैल्याची बादली. ती रिकामी करायची आणि परत फिरायचं. आपसात बोलायला बंदी. आणि या दृश्यावर मोझार्टच्या ‘मास इन सी मायनर’ या प्रार्थनारचनेतला दयेची याचना करणारा घोष सुरू होतो. शतकानुशतकं चर्चमध्ये ‘प्रभो, दया कर’ म्हणून जे शब्द गायले गेले, ते इथे मैला टाकायला निघालेल्या माणसांच्या चालीवर येऊन बसतात.

हा रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘अ मॅन एस्केप्ड’, १९५६ सालचा. चित्रपटात संगीत अगदी थोडं आहे. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानं ते नायक गुडघे टेकून हात जोडतो त्या क्षणासाठी राखून ठेवलं असतं, आणि आपण डोळे पुसले असते. ब्रेसाँनं ते बादल्यांना दिलं. त्या माणसांची जितकी विटंबना करता येईल तितकी शत्रूनं केली आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी चित्रपट त्यांच्याकडे एखाद्या पूजाविधीकडे पाहावं तसं पाहतो. कुणी काही बोलत नाही, कुणी काही समजावत नाही. संगीत कशावर वाजवायचं एवढाच निर्णय आहे, आणि त्या एका निर्णयात माणसाच्या प्रतिष्ठेविषयी जे म्हणायचं ते सगळं म्हणून झालं आहे.

चित्रपट कलाकृती म्हणून ज्या गोष्टीनं मोठा होतो आणि पाहणाऱ्याला आतून ज्या गोष्टीनं उंच करतो, त्या दोन्ही मुळात एकच असतात असं मला वाटतं, आणि हे मला सर्वांत स्पष्ट या दृश्यात दिसतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं, कुठे नजर वळवायची हे वरकरणी तंत्राचे प्रश्न. पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देताना दिग्दर्शक माणसाकडे कसं पाहायचं ते ठरवत असतो. आणि दोन तास आपल्याला त्याच्या डोळ्यांशिवाय दुसरे डोळे नसतात. त्याची नजर स्वच्छ असेल तर चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावरही थोडा वेळ ती आपल्यापाशी राहते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे आपण जरा थांबून पाहतो. मी ज्याला उन्नत होणं म्हणते ते एवढंच, आणि हे एवढंसुद्धा फार थोडे चित्रपट देऊ शकतात.

रडू येणं ही त्याची खूण नव्हे. रडवणं सोपं आहे. आजारी मूल, म्हातारे आईबाप, रेल्वे फलाटावरचा निरोप आणि चढत जाणारी व्हायोलिन एवढ्यावर कुणाचेही डोळे भरतात, माझेही भरतात. पण अशा चित्रपटानं माझ्या वतीनं सगळं वाटून घेतलेलं असतं. कुठे हळहळायचं, कुठे अभिमानानं ताठ व्हायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं आणि मी फक्त मागोमाग गेलेली असते. संतांवरचे, महात्म्यांवरचे कितीतरी चित्रपट याच कारणानं कोरडे ठेवून जातात. त्यात देव दिसतो, प्रकाश दिसतो, चमत्कार घडतात, आणि पाहणाऱ्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. श्रद्धेचा विषय घेतला म्हणून चित्रपट श्रद्धेच्या जवळ जात नाही.

ब्रेसाँकडे परत जाते, कारण तिथे पाहण्यासारखं अजून बरंच आहे. कथा खरी आहे. आंद्रे देविन्यी हा फ्रेंच सैनिक १९४३ मध्ये लियाँमधल्या मोंलुक तुरुंगातून जर्मनांच्या हातून निसटला, त्याच्या हकिकतीवर चित्रपट बेतलेला आहे. ब्रेसाँ स्वतःही युद्धकैदी म्हणून जर्मनांच्या ताब्यात राहिलेला. पळून जाण्याची गोष्ट म्हणजे थरार, पण नावातच त्यानं सांगून टाकलंय की कैदी निसटला. आता ‘सुटेल का?’ या प्रश्नाला अर्थ उरला नाही. मग आपण काय पाहतो? हात पाहतो. चमच्याचा दांडा दगडावर घासून त्याला धार आणणारे, दाराच्या फळ्यांमधली सांध एकेक कण कोरणारे, पलंगाच्या जाळीची तार आणि फाडलेलं कापड एकत्र वळून दोर करणारे हात. प्रमुख भूमिका करणारा तरुण व्यावसायिक नट नव्हता. चेहऱ्यावर भाव आणायचे नाहीत ही ब्रेसाँची सक्त अट असायची. त्यामुळे त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला त्याच्या हातांवरूनच कळून घ्यावं लागतं. आणि तासभर एखाद्याच्या हातांकडे इतकं एकाग्र होऊन पाहिलं की त्या हातांविषयी जे वाटू लागतं, त्याला आदर याहून मोठा शब्द हवा.

याच चित्रपटात एक वळण आहे. दोर तयार, वेळ ठरलेली, आणि ऐनवेळी त्याच्या कोठडीत एक पोरगा आणून टाकतात. हेर असू शकतो. त्याला मारून टाकायचं की बरोबर न्यायचं, एवढेच पर्याय आहेत. नायक विश्वास ठेवायचं ठरवतो. पुढे एका भिंतीपाशी आल्यावर त्याला उमगतं की ती एकट्याला कदाचित ओलांडता आली नसती. यावर ब्रेसाँ एक शब्दही जास्त खर्च करत नाही. दोघं पुढे जातात. मी हा प्रसंग कितीतरी लोकांना सांगितला आहे, आणि सांगताना दरवेळी मला तो चित्रपटापेक्षा जास्त शब्दांत सांगावा लागला आहे.

आंद्रेई तार्कोव्स्कीच्या ‘आंद्रेई रुब्लेव’मध्ये हाच विषय मोठ्या पटावर येतो. १९६६ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट सोव्हिएत राजवटीनं अडवून धरला. तिथल्या प्रेक्षकांपर्यंत तो रीतसर पोचला १९७१ मध्ये. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा रशिया, मठांतून देवचित्रं रंगवणारा एक साधू, आणि भोवती लुटालूट, जाळपोळ, कत्तल. गंमत अशी की या थोर चित्रकाराला आपण चित्र रंगवताना जवळपास पाहतच नाही. तो पाहत राहतो. एका हल्ल्यात एका मुलीला वाचवताना त्याच्या हातून माणूस मारला जातो. त्यानंतर तो बोलणं सोडतो, रंगवणंही सोडतो. वर्षं जातात.

शेवटच्या भागात एक मुलगा येतो, बोरिस्का. राजाला घंटा ओतून हवी आहे आणि घंटा ओतणारे कारागीर साथीत मेले आहेत. हा म्हणतो, माझ्या बापानं मरताना मला गुपित सांगितलंय. त्याला काम मिळतं. मग किती तरी वेळ आपण फक्त काम पाहतो. योग्य माती सापडत नाही म्हणून चिडलेला, पावसात घसरून पडलेला आणि त्या घसरणीतच हवी ती माती हाताला लागलेला पोरगा. खड्डा, साचा, भट्ट्या, वितळलेल्या धातूचे पाट, राजाकडे आणखी चांदीची मागणी. घंटा वाजली नाही तर मुंडकं उडणार हे सगळ्यांना ठाऊक. उद्घाटनाच्या दिवशी राजा येतो, परदेशी पाहुणे आपसात गप्पा मारत उभे राहतात, घंटेचा लोळ हलू लागतो. किती वेळ हलतो! आणि मग नाद उमटतो.

बोरिस्का मात्र चिखलात कोसळून हुंदके देतोय. बापानं गुपित सांगितलंच नव्हतं. रुब्लेव त्याच्याजवळ चिखलात बसतो, त्याला कुशीत घेतो आणि मौन सोडतो. तू घंटा ओत, मी चित्रं रंगवतो, चल, असं काहीसं म्हणतो. एवढा वेळ कृष्णधवल असलेला पडदा मग रंगीत होतो आणि खऱ्या रुब्लेवची खरी चित्रं आपल्यासमोर उलगडतात. झिजलेले रंग, तडे, सोनेरी वर्ख, वस्त्राची घडी.

या रंगांचा धक्का मी कधी विसरू शकत नाही, आणि तो असा का बसतो याचा मी खूप विचार केलाय. ती चित्रं पुस्तकात आधीही पाहिलेली होती. सुंदर होती. पण इथे ती तीन तासांच्या चिखलातून, रक्तातून आणि एका पोराच्या खोट्या धीरातून वर येतात. हा चित्रपट सौंदर्याला फुकट येऊ देत नाही. वर उचलणं म्हणतो तेव्हा आपण बहुधा हे विसरतो की वजनाशिवाय उचलणं होत नाही. ज्या चित्रपटात दुःखाला वजनच नाही, त्यातला शेवटचा आनंदही पिसासारखा उडून जातो.

पण मन भारून टाकणारा प्रत्येक चित्रपट उन्नत करतो का? इथे मला एका चित्रपटाचा उल्लेख टाळता येत नाही. लेनी रीफेनश्टाल या जर्मन दिग्दर्शिकेचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’, १९३५. न्यूरेंबर्गला १९३४ मध्ये भरलेल्या नाझी पक्षाच्या मेळाव्याचा हा चित्रपट. ढगांतून उतरणारं विमान, मशाली, झेंडे, शिस्तीत उभे हजारो तरुण. छायाचित्रण आणि संकलन या दोन्हींत तिचं कसब वादातीत होतं. आणि चित्रपट छाती फुगवतो, अंगावर काटा आणतो, आपण आपल्याहून मोठ्या कशाचा तरी भाग आहोत असं वाटायला लावतो. आध्यात्मिक अनुभवाचं वर्णन करताना लोक नेमके हेच शब्द वापरतात.

मग फरक कशात? मला तो चौकटीतच दिसतो. त्या चित्रपटात माणसांच्या रांगा होतात, रांगांची नक्षी होते. चेहरा जवळून दिसला तरी तो फक्त एका दिशेनं पाहत असतो, आणि कॅमेरा एका माणसाकडे, हिटलरकडे, सतत खालून वर बघतो. दहा लाख प्रेक्षकांपैकी कुणालाही त्या गर्दीतल्या एकाही तरुणाची काळजी वाटणार नाही, कारण चित्रपटालाच ती नाही. बोरिस्काची काळजी वाटते. बादली घेऊन चाललेल्या, ज्याचं नावही कळलेलं नाही अशा कैद्याचीही वाटते. ज्या भारावण्यात समोरचा एकटा माणूस दिसेनासा होतो ते भारावणं मला भयंकर वाटतं, मग त्याचं छायाचित्रण कितीही देखणं असो.

याच्या उलट टोकाला थंड चित्रपट आहेत. प्रत्येक चौकट चित्रासारखी, मौन योग्य जागी, पुरस्कारांची रांग, आणि दिग्दर्शकाला आपल्या पात्रांविषयी मनातून तुच्छता. ती लपत नाही. दुःख हे सत्य आहे म्हणून दुःख दाखवणं वेगळं, आणि माणसं क्षुद्रच असतात हे सिद्ध करण्यासाठी ती दुःखात लोटणं वेगळं. अशा चित्रपटांवर मी जास्त बोलणार नाही. त्यातून बाहेर आल्यावर हुशार झाल्यासारखं वाटतं आणि लहान झाल्यासारखंही.

आता चमत्काराविषयी. मी वर म्हटलं की चमत्कार दाखवणारे चित्रपट कोरडे ठेवतात. पण दोन चित्रपट या म्हणण्याला पुरून उरतात, आणि ते एकमेकांपासून फार दूरच्या मुलुखांत तयार झालेत.

एक आपला प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाचा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. यात चमत्कार आहेतच, अगदी शेवटच्या वैकुंठगमनापर्यंत. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा इतके निर्मळ आहेत की ते अभिनय करतायत हे विसरायला होतं. पण चित्रपटाला जमिनीवर घट्ट रोवून ठेवते ती गौरीची जिजाई. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा नामात दंग. ती पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण काढून थेट विठोबावर उगारते. या बाईला चित्रपट हसत नाही, दोषही देत नाही. तुकोबांच्या भक्तीइतकाच तिच्या संतापालाही मान देतो. तिचा राग खरा आहे म्हणून त्यांची शांतीही खरी वाटते. शेवटी ते वैकुंठाला जातात आणि ती इथेच राहते, पोरांपाशी. जिजाई नसती तर तो विमानाचा देखावा एक करामत म्हणून उरला असता.

याच चित्रपटातलं ‘आधी बीज एकले’ कितीतरी लोकांना तुकोबांचाच अभंग वाटत आलंय. ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी. स्वतःला इतकं बाजूला ठेवून लिहिता येणं ही मला मोठी साधना वाटते.

दुसरा चित्रपट कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘ऑर्देत’, १९५५. शेतावर राहणारं एक कुटुंब. थोरल्या मुलाची बायको, इंगर, बाळंतपणात मरते. दीर स्वतःला ख्रिस्त समजतो, घरचे त्याला वेडा समजतात. शवपेटी उघडी आहे. सासरा मुलाची समजूत काढतो की ती आता देवाघरी आहे. त्यावर नवरा जे बोलतो ते मला कुठल्याही धर्मग्रंथातल्या वचनाइतकं खोल वाटतं: माझं तिच्या देहावरही प्रेम होतं. मग तो वेडा ठरवलेला भाऊ येतो, इंगरची छोटी मुलगी त्याचा हात धरते आणि निःशंक मनानं वाट पाहते. आणि इंगरची बोटं हलतात.

हे शब्दांत लिहिलं की अविश्वसनीय वाटतं. पडद्यावर वाटत नाही. दोन तासांहून थोड्या मोठ्या या चित्रपटात शंभराहून थोडेच अधिक शॉट आहेत. कॅमेरा खोलीतून इतका सावकाश फिरतो की आपला श्वासही हळूहळू त्याच्या लयीला लागतो. ड्रायरनं आपल्याला त्या घरात राहायला लावलंय, कंटाळायलाही लावलंय. जागी झालेली इंगर दिव्य वगैरे दिसत नाही. ती नवऱ्याला घट्ट धरते आणि भुकेल्यासारखं त्याच्या गालावर तोंड टेकवते. चमत्कार झाला तो देहाच्या बाजूनं झाला. जो देह गेला म्हणून नवरा रडत होता, तोच परत मिळाला. माझा स्वतःचा मरणोत्तर गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण त्या क्षणी मी त्या मुलीइतकीच निःशंक असते.

संयम, संयम असं म्हणत राहिले तर गैरसमज होईल की कमी दाखवणं हेच मोठं. तसं नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू बायकोला दाखवतो, मुलीसाठी घेतलेली साडी तिच्या हातात देतो. मुलगी गेलेली आहे हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते, तोंड उघडून आक्रोश करते, पण तिचा आवाज आपल्याला येत नाही. त्या जागी तारशहनाईचा टिपेचा सूर येतो. इथे संगीत भावनेच्या अगदी शिखरावर आहे, पूर्ण ताकदीनं आहे. तरी ते आपल्याला ढकलत नाही. आईचा आवाज काढून घेऊन राय यांनी ते दुःख फक्त तिचं राहू दिलं नाही. नंतर हरिहरच्या मुलाला, अपूला, त्या गेलेल्या बहिणीनं, दुर्गानं, चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला होतं, पुन्हा मिटतं. बहिणीवरचा आळ त्यानं कुणाला न सांगता कायमचा पुसून टाकला. त्याला कुणी शाबासकी देत नाही. ती द्यायची तर आपणच.

आणि मग उरतो तो प्रश्न, जो मला सगळ्यांत जास्त सतावतो. हे टिकतं का? दोन दिवस माणसांकडे नीट पाहिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा जुनी घाई, जुना तुसडेपणा. मग या उन्नतीचा उपयोग काय?

अकिरा कुरोसावानं ‘इकिरू’मध्ये, १९५२ मध्ये, हा प्रश्न चित्रपटाच्या आतच घेतला. वातानाबे हा सरकारी कचेरीतला विभागप्रमुख, आयुष्यभर कागदांवर शिक्के मारत बसलेला. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं आणि उरलेले महिने तो एका सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करून घेण्यात घालवतो. दुसऱ्या कुणी ही गोष्ट बागेच्या उद्घाटनावर संपवली असती. कुरोसावा आपल्याला बाग पूर्ण होण्याआधीच सांगून टाकतो की नायक मेला, आणि शेवटचा मोठा भाग त्याच्या श्राद्धाच्या रात्री जमलेल्या सहकाऱ्यांना देतो. श्रेय कुणाचं यावर वाद होतात, आठवणी निघतात. त्या वस्तीतल्या बाया येतात, तसबिरीसमोर रडतात, एक शब्द न बोलता जातात. एक पोलीस सांगतो, बर्फ पडत होतं तेव्हा तो बागेतल्या झोक्यावर बसून गात होता. दारू चढलेले सहकारी भारावतात, शपथा घेतात: आपणही असंच काम करायचं, त्याचं मरण वाया जाऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सांडपाण्याची तक्रार येते. नवा प्रमुख ती दुसऱ्या खात्याकडे पाठवतो. किमुरा नावाचा एक तरुण कारकून ताडकन उठतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो खाली बसतो आणि कागदांच्या ढिगाआड दिसेनासा होतो.

त्या उठण्या-बसण्यावर मी अनेकदा अडून बसले आहे. आदल्या रात्री जे सहकाऱ्यांचं झालं तेच माझं गेले दोन तास होत होतं, आणि कुरोसावानं ते मला दाखवून दिलं. त्यात टोमणा नाही. किमुरावरही त्याचं प्रेम आहे. नंतर तो त्याला घरी जाताना पुलावर थांबवतो आणि खाली बागेत खेळणारी मुलं पाहू देतो. तो पुढे बदलला का, कुणास ठाऊक. चित्रपटानं त्याच्या वतीनं काही ठरवलेलं नाही. मला कुणी एखादा मन मोठं करणारा चित्रपट सुचव म्हटलं तर मी याचंच नाव सांगते, आणि झोक्याच्या दृश्यानंतर उठू नका, कचेरीतला तो दुसरा दिवस पाहूनच उठा, असं आग्रहानं सांगते.